बेळगावहून गाडीनं निघून समुद्रकड्यावरची पायवाट चालायची आहे. गोकर्ण, निवती की आणखी कुठे?

टिळकवाडीची_सून

नमस्कार मंडळी,

भाऊबीज उरकली की गाडी घेऊन बाहेर पडायचा विचार आहे. आमच्या घरात 'समुद्र बघणे' म्हणजे काय ते ठरलेलं आहे. गाडी कडेला लावायची, यजमान उतरणार, कमरेवर हात ठेवून "वा, काय व्ह्यू आहे" म्हणणार, दोन सेल्फी, एक चहा, बसा गाडीत. यंदा मला ते नको आहे. मला कड्यावरून चालायचं आहे. डावीकडे डोंगर, उजवीकडे खाली समुद्र आणि मधून पायवाट, अशी निदान दोन तासांची तरी चाल हवी.

सोबत यजमान, नववीतली मुलगी, सहावीतला मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना अडुसष्टावं लागलंय. गुडघे कुरकुरतात, बाकी सगळं ठणठणीत. त्यांना गोकर्णच्या महाबळेश्वराचं दर्शन घ्यायचंय, म्हणून गोकर्ण डोक्यात आहे. ओम बीच, हाफमून वगैरे फोटो पाहिलेत. पण ती वाट मुलांना झेपेल का, सासूबाईंना कुठपर्यंत नेता येईल आणि मुख्य म्हणजे हे एका दिवसात जाऊन येऊन होतं का? ह्यांच्या मते "पहाटे चारला निघू, रात्री घरी झोपू." माझ्या मते हे शक्य नाही, पण घरात माझं बहुमत नाही.

दुसरा एखादा कडा माहीत असेल तर तोही सांगा.

गाडीवाला_अण्णा

पहिलं रस्ता ठरवा की ताई, बाकीचं मग. खानापूर, अळणावर, हल्याळ, यल्लापूर, तिथनं अरबैल घाट उतरून अंकोला. अंकोल्याला हायवेला लागलं की गोकर्ण पाऊण तासाचं काम. दोनशे किलोमीटरच्या थोडं वर. चहा-नाष्टा धरून पाच तास. गोव्यातनं जाऊ नका. सुट्टीत फोंडा-मडगावला अडकलात तर समुद्र बघायच्या आधी अंधार पडतोय.

आणि एका दिवसात जाऊन येऊन? दहा तास स्टिअरिंग धरून वर कडा चढायचा? तुमच्या यजमानांस्नी माझा नमस्कार सांगा.

लोंढा_जंक्शन

अण्णा, रामनगर-जोयडा-अंशी-कद्रा-कारवार का नको? सगळा रस्ता जंगलातून. काळी नदी बाजूला, कद्र्याचं धरण, गाड्या कमी.

गाडीवाला_अण्णा

वळणं मोजली काय कधी? सहावीतलं पोरगं मागं बसणार हाय. आवळा सुपारी द्या नाहीतर आलेपाक, अंशी घाटात कायबी चालत नाही.

लोंढा_जंक्शन

लिंबू हुंगायला द्यायचं. आम्ही लहानपणापासून तेच करतोय.

फक्त अंशीतून अंधार पडल्यावर जाऊ नका. व्याघ्रप्रकल्पाचं जंगल आहे, गाडी बंद पडली तर मदतीला कोणी येत नाही आणि फोनलाही रेंज नसते.

चंदगडी

गोकर्णच कशाला? बेळगावचा हक्काचा समुद्र वेंगुर्ला आहे. हिंडलगा, शिनोळी, आंबोली, सावंतवाडी, वेंगुर्ला. तीन-साडेतीन तासांत खारं वारं. हा रस्ताच मुळी बेळगावसाठी झालेला आहे. वेंगुर्ला बंदरात उतरलेला माल इंग्रजांच्या बेळगावच्या छावणीला ह्याच वाटेनं वर यायचा, आंबोली तेव्हाचा मुक्काम.

आणि कडा हवा असेल तर निवतीचा किल्ला. पायथ्यापर्यंत गाडी जाते, चढ फार नाही. तटाचे अवशेष ओलांडून टोकाशी गेलात की एका बाजूला भोगव्याचा किनारा पांढराशुभ्र पसरलेला, पुढे कर्ली नदीचं मुख, समोर समुद्रात निवती रॉक्सचं दीपगृह. गर्दी जवळपास नाही. सासूबाईसुद्धा येतील.

टिळकवाडीची_सून

@चंदगडी, निवती छान वाटतंय. पण तिथे चालणं किती? किल्ल्यावर चढलो, बघितलं, उतरलो असं असेल तर परत तेच 'व्ह्यू पॉइंट' झालं ना?

चंदगडी

खरं आहे. अर्धा-पाऊण तासाचा मामला. चालायचंच असेल तर खाली भोगव्याच्या वाळूत चाला.

पायपीट_मंडळ

चालायचंच आहे म्हणताय तर गोकर्णच. ही वाट मी बरेचदा केली आहे, एकट्यानं आणि गोतावळा घेऊनही. सविस्तर लिहितो, ज्याला कंटाळा येईल त्यानं पुढे जावं.

गावातल्या मोठ्या किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला रामतीर्थ आहे. छोटं देऊळ आणि गोड्या पाण्याचा झरा. तिथून पायऱ्या चढून वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळाच्या पठारावर यायचं. मग कुडले, तिथून ओम, तिथून हाफमून, शेवटी पॅराडाइज. पॅराडाइजहून आत चालत बेलेकान गाव आणि डांबरी रस्ता. सगळं मिळून सात-आठ किलोमीटर. कागदावर काहीच नाही, पण प्रत्येक किनारा म्हणजे एक उतार आणि एक चढ, आणि मध्ये वाळू. थांबत थांबत सकाळचा पूर्ण वेळ जातो.

आता तुकड्या-तुकड्यानं.

रामतीर्थ ते कुडले आणि कुडले ते ओम: सडा. मोकळा, सपाट, वाट चांगली मळलेली. धोका नाही, सावलीही नाही. दहानंतर खालून कातळ तापतो आणि वरून ऊन. ओमच्या आधी वरून जे दिसतं ते थांबून बघून घ्या, कारण 'ॐ'चा आकार वरूनच कळतो. खाली उतरलात की दोन वाकणं आणि मध्ये घुसलेला खडक, एवढंच.

ओम ते हाफमून: तुम्ही वर्णन केलेली वाट तंतोतंत हीच. ओमच्या दक्षिण टोकाला दगडांतून वर चढलं की पायवाट डोंगराच्या अंगाला चिकटून जाते. डावीकडे झुडपं, उजवीकडे काही ठिकाणी सरळ खाली काळे खडक आणि फेस. वाट एका माणसाच्या रुंदीची. समोरून कोणी आलं तर डोंगराच्या बाजूला सरकून उभं राहायचं, समुद्राच्या बाजूला कधीच नाही. चढाचं भय नाही, भय पायाखालच्या खडीचं. जांभ्याची बारीक गोल खडी असते, फरशीवर नाचणी सांडल्यागत. उतारावर टाच आधी टेकलीत की घसरलात. पूर्ण पाऊल टेकून, गुडघा किंचित वाकवून, लहान पावलं टाकायची. तोल गेला म्हणून झुडूप धरायला जाऊ नका, करवंदीचे काटे आठवडाभर हातात राहतात. वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. नववीतली मुलगी आरामात येईल. सहावीतल्या मुलाला मोठ्या दोघांच्या मध्ये ठेवा आणि धावू देऊ नका.

हाफमून ते पॅराडाइज: इथे वाट मोडते. मोठमोठ्या दगडांवर हात टेकून चढ-उतार, एक-दोन ठिकाणी पाणी पायापर्यंत येतं. तुमच्या मंडळींसाठी मी हा भाग सोडून द्या म्हणेन.

चपला नकोत, तळ खरखरीत असलेले बूट घाला. माणशी दीड-दोन लिटर पाणी न्या, ओम सोडल्यावर पुढे पाण्याची खात्री नाही.

निपाणी_नाका

वाचनखूण साठवली. असे प्रतिसाद आजकाल दुर्मिळ.

भूगोलाच्या_बाई

पायपीट_मंडळ यांनी खडीबद्दल लिहिलंय, त्याच्या आणखी खाली जाते. मुलं सोबत आहेत म्हणून.

आपला हा सगळा कोकणी सडा जांभ्याचा. उष्ण, भरपूर पावसाच्या हवेत मूळ खडकातली सिलिका आणि इतर द्रव्यं पाण्याबरोबर निघून जातात, लोहाची आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात. त्यांचं वरती टणक कवच तयार होतं. जांभ्याचा चिरा खाणीत कापायला सोपा आणि बाहेर उन्हा-वाऱ्यात ठेवला की कडक होत जातो, हे खानापूर-चंदगडच्या लोकांना मी सांगायला नको.

घोटाळा असा की ह्या टणक कवचाखाली बरेचदा मऊ, पांढरट-पिवळट मातीचा थर असतो. पाऊस वरून मुरतो, तो थर ओला करतो. लाटा खालून पोखरतात. वरचं कवच आधार नसताना तसंच पुढे आलेलं राहतं. वर उभं राहिलं तर पायाखाली दगड लागतो, पक्का वाटतो, आणि त्याच्या खाली काही नाही हे फक्त समुद्रातून बघणाऱ्याला दिसतं. एक दिवस तो भाग तुकड्यानं सुटतो. कड्याच्या तळाशी जे मोठे चौकोनी धोंडे पडलेले असतात ते असेच सुटलेले.

तेव्हा टोकापासून चार हात आत. कडेला समांतर गेलेली भेग दिसली तर तिच्या आतल्या बाजूला. आणि पावसाळा नुकताच संपलेला असताना तर जास्तच, जमीन अजून ओली असते. सेल्फीवाल्या यजमानांना हे वाचून दाखवा.

टिळकवाडीची_सून

वाचून दाखवलं. म्हणाले, "बाई फारच घाबरवतात." पण सेल्फी स्टिक काल कपाटात ठेवलेली पाहिली.

कारवारी_माणूस

मी कारवारचा, नोकरीमुळे बेळगावात. वाट, दगड सगळं आलं, समुद्राचं कोणी बोललंच नाही.

आमच्याकडे जुनी माणसं तिथीवरून भरती काढतात. तिथीला तीनानं गुणायचं, चारानं भागायचं, येईल ती भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा. म्हणजे सहाला भरती आणि साधारण सहा तासांनी, बाराला ओहोटी. हे गणित मुंबईकडे नीट बसतं. भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, त्यामुळे कारवार-गोकर्णला ती मुंबईच्या तासभर आधी येते. तेवढं वजा करायचं. मोबाईलवर भरतीचा तक्ता मिळतो, शेवटी तोच बघा. पण हे डोक्यात असलं की तक्ता उघडायच्या आधी अंदाज येतो.

आता तुमची भाऊबीज. अमावास्येला लागून, म्हणजे उधाणाचे दिवस. त्या दिवशी भरती दुपारच्या सुमारास, म्हणजे ऐन तुम्ही दगडांवर असाल तेव्हा पाणी वर. ओहोटी पहाटे आणि परत संध्याकाळी. तीन-चार दिवस थांबून पंचमी-षष्ठीला गेलात तर सकाळी साडेआठ-नऊच्या पुढेमागे ओहोटी मिळते, आणि उधाणही ओसरलेलं असतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही.

वरच्या वाटेला भरतीशी देणंघेणं नाही. पण ओमच्या टोकाचे दगड आणि हाफमूनच्या पुढचे दगड ह्यांना आहे. ओला काळा दगड दिसला की शेवाळ समजा, पाय ठेवू नका.

पावसाळ्यात तर हा विचारही नको. जून ते सप्टेंबर बोटी बंद, पाण्यात उतरायला मनाई.

शहापूरचा_विणकर

तिथी × ३ ÷ ४ हे आत्ताच आजीला विचारलं. आजी म्हणाली, "शहापुरात कशाला हवी रे भरती?"

निपाणी_नाका

तुम्ही सगळे दक्षिणेला पळताय. आम्हा निपाणीकरांचं सोपं आहे. निपाणी-देवगड रस्ता, राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, देवगड. किल्ला, दीपगृह, पवनचक्क्यांचा सडा, खाली कुणकेश्वर. चालायला हवं तेवढं मोकळं रान.

चंदगडी

फोंडा घाट म्हणजे सिंधुदुर्गातला. अण्णा वर 'फोंडा' म्हणाले ते गोव्यातलं. कोणी गाडी भलत्या फोंड्याला नेऊ नका.

गाडीवाला_अण्णा

माझा पावणा गेलता की असाच. नेव्हिगेशनवाली बाई बोलत गेली, हा वळत गेला. 😄

अनगोळची_मिरची

मला एक कळत नाही. सगळे गोकर्ण गोकर्ण करताय, गेल्या काही वर्षांत तिथे गेलाय का कुणी? सुट्टीच्या दिवशी ओमला पाय ठेवायला जागा नसते. वाटेवर बाटल्या, चिप्सची पाकिटं. पार्किंगला रांग. रात्री मोठ्या आवाजात गाणी. 'शांत पायवाट' म्हणून जाल आणि डोकं फिरून याल. त्यापेक्षा काणकोणला काबो द रामचा किल्ला बघा. सोंध्याच्या राजाकडून पोर्तुगिजांनी अठराव्या शतकात घेतलेला. दारापर्यंत गाडी, आत तटाच्या कडेनं फिरा, पश्चिमेला सरळ खाली समुद्र. लांबचं लांब दिसतं.

पायपीट_मंडळ

@अनगोळची_मिरची, गर्दीचं म्हणणं शनिवार-रविवारपुरतं मान्य. पण गर्दी किनाऱ्यावर असते, वाटेवर नाही. ओमला आलेल्या शंभरातले फार थोडे हाफमूनच्या वाटेला लागतात, त्यातलेही बरेच बोटीनं जातात. सकाळी सातला वाटेवर असाल तर माणसांपेक्षा घारी जास्त दिसतील.

काबो द राम मस्त आहे, पण तोही गाडीतून उतरून बघायचा. तिथल्या तटाजवळ कठडे सगळीकडे नाहीत, हेही लक्षात ठेवा.

अनगोळची_मिरची

कचऱ्याचं काय?

पायपीट_मंडळ

कचऱ्याबाबत उत्तर नाही. मी एक रिकामी पिशवी घेऊन जातो, येताना भरलेली असते. पोरांना हे काम लावलं की ती रमतात आणि कडेलाही जात नाहीत.

टिळकवाडीची_सून

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री नकाशा घेऊन बसलो आणि एक नवीनच भानगड लक्षात आली. गाडी कुठे ठेवायची? कुडलेला ठेवून हाफमूनपर्यंत चाललो तर परत तेवढंच चालत कुडलेला यायला हवं. ह्यांचं म्हणणं, "मी गाडी घेऊन पुढे जातो, तुम्ही चालत या." म्हणजे पुन्हा मी आणि मुलं चालणार आणि हे गाडीत. मला ते मान्य नाही.

लोंढा_जंक्शन

गाडीनं चालायला गेलं की हे ठरलेलंच. वाट एका टोकाला संपते, गाडी दुसऱ्या टोकाला. गाडी नसती तर प्रश्नच नव्हता.

कारवारी_माणूस

सोपं आहे. गाडी मुक्कामाच्या ठिकाणी ठेवा आणि तिला विसरा. गावातून सकाळी रिक्षा करून कुडलेच्या वरच्या बाजूला उतरा. चालत कुडले, ओम, हाफमून. हाफमूनहून बोटीनं ओमला परत, ओमच्या वर रिक्षा मिळते. बोट मोसमात असते, समुद्र खवळलेला असेल तर नसते, तेव्हा आल्या वाटेनं चालत यायची तयारी ठेवा. बोटवाल्याशी भाडं आणि परतीची वेळ निघायच्या आधी ठरवा. लाइफ जॅकेट मागून घ्या, मुलांना तर घालाच. "एवढ्याशा अंतराला कशाला" म्हणेल कोणीतरी, ऐकू नका.

ह्यात यजमानांना गाडी चालवायची नाही, म्हणजे त्यांना चालावंच लागेल. 😀

टिळकवाडीची_सून

@कारवारी_माणूस, तुमच्यासाठी कुंदा पाठवते.

गाडीवाला_अण्णा

कुंदा मला पण. रस्ता मी सांगितलाय.

लोंढा_जंक्शन

रस्ता अजून ठरलेला नाही अण्णा.

भूगोलाच्या_बाई

रस्त्यावरून आठवलं. अंकोल्याजवळ शिरूरला जुलै २०२४ मध्ये हायवेवर दरड कोसळली होती, माणसं गेली, गंगावळी नदीपर्यंत ढिगारा गेला. त्या पट्ट्यात डोंगर कापून रस्ता रुंद केलेला आहे. दिवाळीत पाऊस सरलेला असतो, तरी परतीचा पाऊस जोराचा असेल तर डोंगराच्या पायथ्याशी फोटोसाठी गाडी थांबवू नका. चहाची टपरी सपाटीला बघा.

खारवी_माका

अवांतर: गोकर्णला जाताना सानिकट्ट्याची मिठागरं लागतात. दिवाळीत मीठ तयार व्हायचा हंगाम नसतो, त्यामुळे ढीग दिसणार नाहीत, पण वाफे आणि बगळे दिसतील. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात अंकोला कर्नाटकात सगळ्यात पुढे होता. मुलीला नववीत इतिहास असेलच.

आणि बाजारात तिथल्या हालक्की समाजाच्या बायका बसलेल्या असतात. गळ्यात काळ्या-पिवळ्या मण्यांच्या माळांचे थर, पुढ्यात भाजीच्या जुड्या, आळू, काकड्या. त्यांच्याकडून घ्या. फोटो काढायच्या आधी विचारा.

शहापूरचा_विणकर

मे महिन्यात का जात नाही कुणी? अंकोल्याचा करी इशाड आंबा. २०२३ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला त्याला. कड्याबिड्याचं मला काही सांगू नका, आंब्यासाठी मी अरबैल घाट चालत उतरेन.

पायपीट_मंडळ

मेमध्ये त्या सड्यावर चालून दाखवा, आंबे मी आणतो.

निवृत्त_पोस्टमास्तर

मी बाहत्तरचा. वरचे प्रतिसाद सावकाश वाचले. सासूबाईंना कुठपर्यंत नेता येईल, हा प्रश्न ताईंनी पहिल्याच लेखात विचारला होता. चंदगडींनी निवतीपुरतं एक वाक्य लिहिलं, बाकी सगळे भरती-ओहोटी, आंबे आणि फोंडा घाटात गेले.

आमच्या वयात चढ त्रास देत नाही. दम लागतो, थांबलं की जातो. त्रास उताराचा. गुडघ्यावर सगळं वजन येतं आणि पाय टेकायच्या आधी मनात भीती येते. कुडले आणि ओमला खाली उतरायला पायऱ्या आहेत, उंची सारखी नाही, काही ठिकाणी चांगल्या हातभर. मी काठी घेऊन कुडलेवरून सड्यावर चढलो आणि ओम वरून पाहिला. खाली उतरलो नाही. एका दगडावर बसून राहिलो, मुलं खाली जाऊन आली. त्या दिवसातलं मला तेवढंच आठवतं, आणि त्याबद्दल तक्रार नाही.

ओम ते हाफमून मात्र त्यांना नेऊ नका. वाट अरुंद आहे आणि कोणी हात धरायला गेलं तर दोघांचाही तोल जातो. त्यांना ओमहून बोटीनं हाफमूनला आणता येईल का, ह्याचा विचार करा. पण बोटीत चढताना गुडघाभर पाण्यातून जावं लागतं, बोट हलत असते, दोघांनी धरून चढवावं लागतं.

आणि एक. हे सगळं त्यांना विचारलंय का? की आपणच इथे ठरवतोय?

टिळकवाडीची_सून

काका, नाही विचारलं. आता विचारलं.

त्यांचं उत्तर जसंच्या तसं: "मला त्या डोंगरावर काय करायचंय? मी देवळात बसते, कोटितीर्थाला जाऊन येते. तुम्ही या नाचून. पण संध्याकाळी मला एकदा ते वरून दाखवायचं, गाडीतून."

म्हणजे यजमानांचा व्ह्यू पॉइंट एका संध्याकाळसाठी परत आला. ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झालाय.

अनगोळची_मिरची

😂 सासू-मुलगा युती.

खारवी_माका

देवळाचं एक सांगायचं राहिलं. महाबळेश्वराच्या गाभाऱ्याकडे पुरुषांना शर्ट काढून, धोतर-लुंगी नेसून जावं लागतं. यजमानांसाठी घरूनच धोतर न्या, ऐनवेळी बाहेर घेतलं की नेसवायला पण कोणी नसतं.

टिळकवाडीची_सून

नेसवीन मी. मग ठरलं ते असं. भाऊबीजेनंतर दोन दिवस घरी, पंचमीला पहाटे निघायचं. पहिल्या दिवशी दर्शन आणि संध्याकाळी सासूबाईंना गाडीतून वरून समुद्र. गावातच मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला रिक्षा, कुडले, ओम, हाफमून, आम्ही चौघं. हाफमूनहून बोट. दुपारी जेवून आराम, गाडी चालवायची नाही. तिसऱ्या दिवशी परत, वाटेत सगळ्यांना मिर्जानचा किल्ला दाखवायचा. एका दिवसाचा बेत ह्यांनी स्वतःच मागे घेतला, अण्णांच्या नमस्काराचा परिणाम.

पॅराडाइज ह्या वेळी नाही.

पायपीट_मंडळ

बेत उत्तम. एक बदल सुचवतो. मिर्जान गोकर्णच्या दक्षिणेला, कुमट्याच्या बाजूला आहे, परतीच्या वाटेवर नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी चारनंतर जाऊन या, फार लांब नाही. किल्ला सगळा जांभ्याचा, भोवती खंदक, गवत हिरवं असेल. आत फिरायला सपाट आहे, सासूबाई आरामात येतील. पण खंदकाच्या काठावर आणि विहिरींपाशी मुलांवर लक्ष ठेवा.

गाडीवाला_अण्णा

दुपारी जेवून आराम म्हटलंय त्यांनी, अन् तुम्ही परत गाडी काढायला लावूलालाय. यजमानांचा विचार करा की जरा.

पायपीट_मंडळ

चारपर्यंत झोपू देत की त्यांना.

टिळकवाडीची_सून

चालेल, मिर्जान दुसऱ्या दिवशी. शेवटचा प्रश्न. हाफमूनला पोचल्यावर मुलं पाण्यात जाणार म्हणून आत्तापासून नाचतायत. तिथे पोहू द्यावं का?

कारवारी_माणूस

नाही. हाफमून छोटा आहे, दोन्ही बाजूंना खडक, आणि लक्ष ठेवायला कोणी असेल ह्याची खात्री नाही. गुडघ्याइतक्या पाण्यात, हात धरून, खडकांपासून लांब, एवढंच. लाटा परत जाताना पायाखालची वाळू ओढून नेतात. पोहायचं असेल तर बोटीनं ओमला परत आल्यावर, जीवरक्षक असतील तिथेच, आणि त्यांनी लाल झेंडा लावला असेल तर तिथेही नाही. कोरडे कपडे मात्र हाफमूनला न्या, बोटीत बसताना सगळेच भिजतात.